दर्याकडे, डोंगराकडे

हर्णैच्या शाळेत दक्षिणेच्या भिंतीला तक्ता टांगला.
सहा मीटर मोजून खडूची रेघ मारली.
दुपारपर्यंत ती पावलांनी पुसली, मी पुन्हा मारली.

दापोलीहून आलेले डॉक्टर म्हणाले, गट पाडा.
वय, लिंग, व्यवसाय.
शंभरात किती, ते कळायला हवं.
मी रकाने आखले. रकाने आखायला मला आवडतं.

धाकू पावसे, पाजपंढरी, वय "सत्तरीच्या अल्याड".
अक्षरओळख नाही, म्हणून तीन दातांचा तक्ता:
दात कुठल्या बाजूला, हातानं दाखवा, काका.
त्यानं मांडीवरचा हात उचललाच नाही.
दर्याकडे, म्हणाला. डोंगराकडे. आभाळ. तळ.
परत दर्याकडे.
शेवटच्या ओळीपर्यंत एक चूक नाही,
आणि ती ओळ मला चष्म्यातूनही दिसत नाही.
मग जवळचं कार्ड दिलं.
त्यानं ते लांब धरलं, आणखी लांब,
हात संपला.
जाळ्याची गाठ कशी मारता मग?
बोटांनी बघतो. बारा वर्सं झाली.

भागीर्थी गोरिवले तांदूळ निवडते अजून,
खडे घरचे खातात, बोलत नाहीत.
खैरून मुकादम रोज सकाळी
नातीकडून दहा सुया ओवून घेते,
पोर शाळेत जायच्या आत.
दिलबहादुर, खलाशी. पत्ता? बोटीचा नंबर.
याला कुठल्या गटात घालू, विचारलं.
डॉक्टर मान वर न करता म्हणाले, इतर.

हर्षाली चोगले, सातवी ब. उणे साडेतीन, दोन्ही डोळे.
फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवते.
बापाची होडी इंजिनाच्या खोकल्यावरून ओळखते.
तिला वाटायचं, सगळेच तशी ओळखतात.

चार वाजता लिलावाची हाक आली.
रांगेतल्या बायका टोपल्या उचलून पुळणीवर गेल्या.
सव्वीस चिठ्ठ्या टेबलावर, दगडाखाली.

तपासले एकशे बारा. नंबर निघाला त्रेसष्टांना.
टक्के काढले, दोनदा ताळा केला.
हे फक्त आलेल्यांचे, असं लिहायचं होतं,
फॉर्मवर त्याला जागा नव्हती.
समासात लिहिलं, बारीक.

धाकूला अधिक अडीचचा लावून बघितला.
तळवा न्याहाळला त्यानं, नखं, अंगठ्यावरचा जुना वण,
मग दाराकडे मान वळवली आणि ओरडला,
पोरी, दर्या पुसलास गं!
काढून खिशात घातला. जाळ्यापुरता, म्हणाला.

पायरीवर हर्षाली उभी होती.
तिचा चष्मा यायला पंधरा दिवस.
आली, ती म्हणाली.
धाकूनं डोळ्यांवर हात धरला.
सगळं पाणी पालथं घातलं नजरेनं.
कुठं गं?
आली ना.
मग किल्ल्याच्या आडून
नाळ निघाली हळूहळू.