मागची फळी

हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेला इलाही शिकलगार.
टक्. टक्. टक्.
आणि इंजिनाच्या बरोब्बर खाली —
भद्.

"पिकलीय," म्हणाला.

उद्यमनगरात, दोन लेथशेडांच्या बोळात,
उपड्या ड्रमांवर बोट.
ड्रिल घातलं तर भुशाऐवजी
काकवीच्या रंगाचं पाणी आलं.
कुठल्या पुराचं, कोण सांगणार.
फायबरची साल सोलली;
आत प्लाय, चहात बुडालेल्या खारीसारखा,
नखानं निघत होता.
पंचवीस घोड्यांचं इंजिन
दोन वर्षं आम्ही लटकवलं होतं
नुसत्या रंगावर.

मग तो एका भोकाशी थांबला.
जादाचा बोल्ट. ना सील, ना रेझिन.
"हे कुणाचं काम?"

माझं.
आंबेवाडीत पाणी कौलांना टेकलं त्या रात्री
टॉर्च दातांत धरून मारलेलं,
इंजिन डुगडुगत होतं म्हणून.
त्यावर सतरा खेपा केल्या तिनं.

इलाही काही बोलला नाही.
नवी फळी बसवली,
प्रत्येक भोकात करंगळी फिरवून रेझिन भरलं,
लेकराच्या कानात तेल घालावं तसं.
क्लॅम्प आवळले.
"उद्या सांजेपर्यंत हात लावू नगा."

जुना बोल्ट मी खिशात टाकला.
घरी नेऊन काय करणार होतो,
कुणास ठाऊक.