दोन बोटं

कातडं ओलं हवं, पण चिंब नको.
किती, ते मामा सांगत नाहीत.
तुकडा स्वतःच्या गालाला लावतात,
मग माझ्याकडे देतात. "बघ."
मी माझ्या गालाला लावते. गार.
"मग थांब जरा. चहा ठेव."

सुभाषनगरच्या या पत्र्याखाली
अकरा वर्षं माझ्या वाट्याला वेण्या.
चपलांच्या पट्ट्यांना सात पदरी, बारीक,
लेकीच्या केसांना घाईत एकच रबर.
ठसा बाईनं मारायचा नाही
असं कुणी म्हटलं नव्हतं,
फक्त डबा वरच्या फळीवर असायचा.

दिवाळीनंतर मामांचा उजवा हात थरथरायला लागला.
हातोडी ठशाच्या शेजारी पडायची,
एकदा अंगठ्यावर पडली.
"मी मारतो की," म्हटलं.
ते बोलले नाहीत. डबा खाली आला.
बिस्किटांचा डबा, आत बत्तीस ठसे,
उद्यमनगरच्या भंगारातले बोल्ट,
डोक्यावर कानशीनं कोरलेली
कोयरी, जोंधळा, चांदणी, माशाचा खवला,
आणि एक कसला आहे
ते आता त्यांनाही आठवत नाही.

पहिलं काम चपलेचं नव्हतंच.
बाबालाल मुल्लाणी आले, पेपरात सुरी गुंडाळून.
गुडघ्यांपायी दुकान बंद केलेलं.
चाळीस वर्षांची सुरी,
रोज पहाटे कुरुंदाच्या दगडावर
थोडी थोडी गेलेली.
"घरात नातवंडं हायेत. म्यान करा एक."
मग हात पुढं करून, बोटं जुळवून:
"एवढी रुंद हुती बघा. आणली तवा."
चार बोटं.
मी कातड्यावर सुरी ठेवून आरीनं रेघ ओढली.
दोन. जेमतेम.

म्यान आजच्या सुरीचंच शिवायचं,
नाहीतर पातं आत खुळखुळतं,
मध्ये वादी नसली तर टाकाच कापून काढतं.
हे मला माहीत होतं.
तरी वरचं पान मी चार बोटांचं कापलं.
शिवण आत, आजच्या धारेला लागून,
आणि बाहेर उरलेल्या दोन बोटांत,
जिथलं लोखंड
राखाडी पाणी होऊन मोरीत गेलं,
तिथं ठसे.

"कातडं वाया," मामा म्हणाले.
पण हातातून ओढून घेतलं नाही.

टक्.
एकाच घावात. दुसरा घातला
की कडेला सावली पडते, दोन-दोन दिसतं.
टक्. जोंधळा मुठीपाशी दाट.
पोटाशी कोयऱ्या, कारण तिथंच सुरी
जास्त झिजली होती. ते बाबालालभाईंचं हाड तोडायचं ठिकाण.
टक्. खाली पाटा, पाट्याखाली जमीन,
शेजारच्या घरात भांडी हलत होती.
सतरावी कोयरी उलटी बसली.

मी तशीच बसून राहिले.
ठशाला खोडरबर नाही.
मामांनी तुकडा घेतला, डोळे मिटून अंगठा फिरवला,
थांबला तो बरोबर तिथंच.
"ऱ्हाऊ दे," म्हणाले.
"रातच्याला लाइट गेली तर
सुलटं उलटं कळंल त्यास्नी."

शिवायच्या आधी, आतल्या बाजूला,
जिथं कातड्याची लव असते आणि ठसा नीट उठत नाही,
तो विसरलेला बोल्ट मी एकदा मारून बघितला.
नाहीच उठला.

शुक्रवारी नमाजानंतर बाबालालभाई आले.
सुरी आत सरकवली. बाहेर काढली. पुन्हा सरकवली.
मग चार बोटं म्यानावर आडवी ठेवली
आणि बराच वेळ ठेवूनच उभे राहिले.
"किती झालं?" त्यांनी विचारलं.
मामांनी माझ्याकडे बघितलं.
मला दर माहीत नव्हता.
वेणीचा माहीत होता, जोडाला किती ते.

डबा अजून खालीच आहे.
झाकण कुठं गेलं कुणास ठाऊक,
लेक त्यात चवल्या-पावल्या ठेवते,
ठसा शोधताना नाणं हाताला लागतं.