राव, तिसरी

कान अर्धवट उघडलेल्या शिंपल्यासारखे, म्हणून नाव तिसरी.
लोक विचारतात, पहिल्या दोघींचं काय झालं?

खाण बंद पडली तेव्हा मागे उरलेल्या वस्तूंत ती होती:
वजनकाट्याशेजारच्या चौकीतली,
वॉचमननं शेवटच्या पगारानंतर
जिला डब्यातला भात घालणं सोडलं.
दुसरी वस्तू मी.
एकवीस वर्षं बार्जवर तांडेल,
आता घरी, आणि घरात कुठे उभं राहावं ते कळत नाही.

गळ्यात पट्टा घातला त्या सकाळी
तिनं मला आमोण्याच्या बांधावरून असं फरफटत नेलं
की शिवनाथ मासळीवाल्यानं स्कूटर थांबवली.
"तांडेल, कोण कोणाक व्हरता?"
तळहातावर दोरीचा लाल वळ उठला.
जुन्या वळांच्या शेजारी तो पोरकट दिसत होता.

साखळीच्या गुरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण,
माझ्या भाचीएवढी असेल, म्हणाली,
ओढू नका. ओरडू नका.
दोरी ताणली की नुसते थांबा.
सैल झाली की पाऊल टाका.
एवढंच?
मला वाटलं होतं, गोळ्या देईल.

घरापासून विहिरीपर्यंत पस्तीस मिनिटं लागली.
राव, तिसरी.
(आमच्याकडे राव म्हणजे थांब. घाटावरचा जावई हसतो,
कुत्रीला एवढा मान?)
ती मुंगसामागे. राव.
ती शिवनाथच्या पेटीमागे, बांगड्यांच्या वासामागे. राव.
मी म्हणजे माडाचा सोट.
बायका हंडे घेऊन मला वळसा घालून जातात.
मग ती मागे वळून बघते, हा मेला की काय म्हणून,
आणि क्षणभर दोरीला पोट सुटतं.
पाऊल.
खिशातल्या बिस्किटाचा चुरा.
पुन्हा पाऊल.

भरतीला बार्ज वर चढते,
म्हणून जेटीला बांधताना दोराला ढील ठेवायची,
दोन हात, तीन हात, चंद्र बघून.
हे मी किती पोरांना शिकवलं.
आणि एका पुनवेला, वारा सुटला म्हणून घाबरून,
मीच दोर आवळून बांधला.
पहाटे तो तुटला तेव्हा बार निघाल्यासारखा आवाज झाला.
दोराचं टोक सोयरूच्या गुडघ्यावर बसलं.
कंपनीनं अपघात लिहिला.
मी सही केली.

सोयरूचा गाडा आता जेटीच्या वाटेवर आहे.
एक पाय स्टुलावर लांब ठेवून तो भजी तळतो.
त्या वाटेनं मी भरभर चालतो,
नदीकडे बघत, जणू तिथे काही येणार आहे.
तिथे दोन बार्ज गंजत पडल्यात, बाकी काही नाही.

परवा तिसरी माझ्या डाव्या टाचेला लागून चालली होती,
दोरी आमच्यामध्ये झोळीसारखी.
मुंगूस गेलं. शिवनाथ भोंगा वाजवत गेला.
तिनं फक्त नाक हलवलं.
मी इतका खूश की बिस्किटं द्यायची विसरलो.
जेटीची वाट आली
आणि पाय आपोआप झपाझप पडू लागले.

दोरी ताणली.

मागे बघतो तर तिसरी चारी पायांवर उभी.
ओढत नाही, भुंकत नाही,
शिकवल्यासारखी थांबलेली.
कढईतून भज्यांचा वास येत होता, हेही खरं.

"हट्टी आहे," मी म्हटलं,
तिच्याबद्दल.
सोयरूनं झारा पुसला.
"च्या घेता मरे?"

मला एक पाऊल मागे यावं लागलं.
नाहीतर ती हललीच नसती.