कापड बेतताना

मोन्तेविदेओ, ऑगस्ट. ऐन हिवाळा.
इथली नदी समुद्राएवढी रुंद, रंगाने गढूळ चहा.
नेलिदा मावशीच्या कारखान्यात
(कारखाना कसला, चार मशिनं आणि एक धुरकट शेगडी)
नव्या शांतता परिषदेची ऑर्डर आली:
ध्वज, दोन मीटर बाय तीन.
संख्या मागाहून कळवू.

खांब मात्र मोजून चौसष्ट उभे केलेत
किनाऱ्यावर, नव्या पांढऱ्या इमारतीसमोर.

कोण येणार, कोण नाही,
कोपऱ्यावरच्या बारमध्ये पाटीवर खडूने भाव लिहिलेत.
निवृत्त टपालमास्तर ओलिवेरियो म्हणतो, फौजा मोजा.
ज्याच्याकडे फार, तो कशाला येईल,
ज्याच्याकडे नाहीच, त्याला विचारतो कोण.
उरले मधले, आणि मधले कायमचे तळ्यात-मळ्यात.
पाववाली एल्विरा म्हणते, गव्हाचा भाव बघा.
कुणी कर्जांचे आकडे काढतं.
कुणी म्हणतं, एक थोरला शिंकला
की पाच धाकटे रुमाल शोधतात, एवढं ध्यानात ठेवा.

मावशी पैज लावत नाही.
तिला कापड बेतायचं असतं
इतरांचे बेत ठरण्याआधी.

वकिलातींचे फोन येतात.
मी तिच्या कानाशी रिसीव्हर धरतो,
तिच्या तोंडात टाचण्या.
"पावसात रंग टिकेल ना?" एकजण विचारतो.
"हे येणार," ती टाचण्यांमधून म्हणते
आणि लाल रीळ चढवते.
"आमच्या शेजारच्या खांबावर कोण असेल?"
रीळ परत डब्यात.
एकाने नेमका कुठला निळा यावर
तेवीस मिनिटं घेतली, शेवटी म्हणाला, कळवतो.
"यांच्या घरातच जुंपलीये."
एका बाईंनी फक्त एवढंच विचारलं,
अर्ध्यावर उतरवायचा झाला तर दोरी अडकत नाही ना.
त्यावर मावशी काही बोलली नाही.
माप मात्र लिहून घेतलं.

सगळ्यांत अवघड ते दोघे.
वर्णक्रमाने शेजारी, नकाशावरही शेजारी,
मधल्या शेतांत सुरुंग.
दोघांचा हिरवा एकाच ताग्यातला.
तिने दोन्ही एकाच दुपारी कापले.
कुठलं कात्रण कुणाचं, मला सांगता येईना.
तिने सगळ्याची मिळून उशी भरली, मांजरासाठी.

उद्घाटनाला वारा असा की बँडवाल्यांच्या टोप्या उडाल्या.
अठ्ठेचाळीस शिवले होते, चाळीस चढले.
पावसाचं विचारणारा आला नाही;
त्याच आठवड्यात त्यांचं सरकार पडलं म्हणे.
शेजाऱ्यांबद्दल विचारणारा पहिल्या रांगेत.
त्याचा ध्वज आम्ही रात्री दोन वाजता संपवला होता.
त्या दोघांपैकी एक आला,
आणि दिवसभर शेजारच्या मोकळ्या खांबाकडे बघत राहिला.
बारमध्ये ओलिवेरियोने पाटी पुसली, बिल दिलं,
कुणाशी बोलला नाही.

आणि एक माणूस, ज्याचं बेट पाटीवर कुणी लिहिलंच नव्हतं,
विमानतळावरून बसने आला.
प्लास्टिकच्या पिशवीत ध्वज,
होडीच्या शिडाचं जाड कापड, मिठाचे डाग,
बाकीच्यांपेक्षा हातभर आखूड.
मावशीने उलटसुलट करून पाहिला.
जोड लावला नाही.
कडेला दोन पितळी कड्या ठोकल्या आणि दिला परत.
एकेचाळिसावा.

संध्याकाळी तेवीस खांबांच्या रिकाम्या दोऱ्या
खांबांवर आपटत होत्या, टण्, टण्,
आमच्या गल्लीपर्यंत ऐकू येत होतं.

उरलेल्या आठ घड्यांत
ती डांबरगोळ्या ठेवत होती.
मी विचारलं, "किती दिवस टिकेल गं हे कापड?"
"कुठे?" ती म्हणाली. "पावसात, की कपाटात?"