चतुःसीमा

पूर्वेस गिरणीची भिंत, जिच्यामागे आता गिरणी नाही.
पश्चिमेस नाला.
दक्षिणेस रस्ता, कागदावर वीस फूट, पायाखाली तेरा.
उत्तरेस रुद्रभूमी,
जी दरसाल एक रांग भरत भरत
आमच्या कुंपणाला येऊन टेकली.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत पंखा आहे,
वारा एकट्या कारकुनाला.
सोलापूरचा मे. बाहेर डांबर चपलेला धरून ठेवतं.
मी, बागकाम मंडळाचा चिटणीस, लिहून देणार.
समोर मल्लिनाथ हलकुडे, संस्थेचे विश्वस्त,
कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, घामालाही न जुमानणारे,
लिहून घेणार.

माझा अंगठा यंत्राला कळेना.
मुलगी म्हणाली, काका, काम काय करता?
रेषाच नाहीत.
दिवसा साचा केला, पोरी, संध्याकाळी खुरपं.
तिनं डावा मागितला.
डाव्याला अजून थोडा मी होतो.

खरं सांगायचं तर उरलो होतो नऊ जण.
वर्गणी देणारे पाच.
पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री अडीचला,
आणि नरसय्या गुंडेटी अडीचला येऊन
नळी धरून उभा राहायचा, झोपेतच,
वांग्यांऐवजी स्वतःच्या चपला भिजवत.
सभेत त्यानंच एकट्यानं हात वर केला:
विरोध.
कारण विचारलं तर म्हणाला,
लिंबाखाली आमचा राजू आहे.
राजू म्हणजे त्याचा कुत्रा.
कोणीतरी हसलं.

तेव्हा विमलाबाई बोळकोटगी म्हणाल्या,
मोगऱ्याच्या वाफ्यात माझंही आहे.
काय, ते कोणी विचारलं नाही.
त्र्याऐंशी साली त्या दीड महिना बागेत आल्या नव्हत्या,
आणि आल्या तेव्हा
पदराखाली मोगऱ्याचं रोप होतं.
आम्ही सगळे त्या मोगऱ्याची फुलं
सत्काराच्या हारांत ओवत आलो.

इतिवृत्तात मी लिहिलं:
साधकबाधक चर्चा झाली.
ठराव एकमताने मंजूर.

कारकून वाचत होता, गाडी चुकणाऱ्या माणसासारखा:
सदर मिळकत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण,
निधी, निक्षेप यांसह
आज रोजी आपल्या कब्जात दिली आहे.
मी म्हटलं, थांबा. निक्षेप म्हणजे?
तो म्हणाला, पुरून ठेवलेलं काही असेल तर ते.
नसतंच काही. लिहायची पद्धत आहे.

हलकुडे माझ्याकडे बघत होते.
बाहेर आल्यावर त्यांनी दोन सोडे घेतले
आणि लिंबू पिळता पिळता म्हणाले,
बरं का चिटणीस, आमची माणसं बसलेली असतात.
जागा जास्त लागत नाही.
मोगरा राहू द्या, लिंबूही राहू द्या.
उन्हात बसलेल्याला
थोडी सावली लागतेच की.
मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

किल्ली दिली. अकरा खुरपी, दोन पहारी,
एक नळी, तीन ठिकाणी फाटलेली:
पोच घेतली.

श्रावणात पहिला खड्डा घेतला.
खणणारा सिद्राम मला रस्त्यात भेटला, हात दाखवत,
एकही फोड नाही.
तिकडं नुसता मुरूम हो, पहार वाजायची.
तुमच्यात कुदळ अशी बुडते,
भाकरीच्या पिठात मूठ गेल्यासारखी.
काय घालत होता?
शेणखत, म्हटलं. पालापाचोळा.
आणि चहाची पत्ती.

सातबाऱ्यावरून आमचं नाव उतरलं.
नळाचं तेवढं राहिलंय.
पाटी महापालिकेची अजून मंडळाच्याच नावानं येते,
मी भरतो.
पाचव्या दिवशी, अडीचला,
नरसय्या आत जातो.
फाटकाला कुलूप असतं,
पण ते कोणी लावलेलं नसतं.