तिसऱ्या कोंडीचं पाणी

म्हापशाहून आणले सहा लावे,
मुठीत मावतील एवढे.
उबाल्दिना म्हणाली, मीठ तुझं, भट्टी माझी.

पाण्यात मीठ सोडलं, जीभ लावली.
समुद्राहून जास्त,
तिसऱ्या कोंडीहून कमी.
हे माप बाबांचं. ते पायांनी मोजत,
टाचेच्या भेगा किती चुरचुरतात त्यावरून.
मी जिभेनं.

रात्रभर लावे मडक्यात.
वर ताटली, ताटलीवर वरवंटा,
नाहीतर तरंगतात.

सकाळी पुसून कोरडे केले. पोटात
पुदिना, कोथिंबीर, दालचिनीचं कोवळं पान,
ओल्या मिरीचा एकेक घोस.
पाय बांधले केळीच्या सोपटानं.

पाव केव्हाच गेले होते सायकलवरून.
उरलेल्या धगीत तिनं पत्रा सरकवला,
विटेवर पाण्याचा थेंब टाकून ऐकलं,
म्हणाली, वीस मिनिटं.

मी मडकं घेऊन मागच्या दारी आले.
मिठागर विकून दोन पावसाळे झाले.
हे शेवटच्या पोत्यातलं,
तळाशी अजून आगरवाड्याची काळी माती.
माडाला चालतं म्हणतात खारं.
तरी जरा वेळ धरून उभी राहिले.

आतून हाक आली,
ये गो, कातडी तडतडतेय.

ओतलं.