जमिनीवरची तालीम

आधी बूट काढा म्हणालो, तर चौघंही हसले.
शेडच्या फरशीवर चार फळ्या,
प्रत्येकीला सहा चाकं,
उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून करून घेतलेली.
'कुठल्या गाडीला लावायची?' त्यानं विचारलं होतं.
माणसांना, म्हणालो.
त्यानं बेअरिंगचे पैसे घेतले, मजुरीचे नाहीत.

पोटावर झोपा. गुडघे वाकवा. हनुवटी वर.
हे आभाळ आहे असं समजा,
आणि ते जमत नसेल तर निदान
खाली फरशी आहे हे विसरा.

दीपांजली मगदूम, अठ्ठेचाळीस किलो.
तिच्या कमरेला शिशाचा पट्टा बांधावा लागतो,
नाहीतर ती वरच राहते
आणि बाकीचे तिघं तिला खालून हाका मारत बसतात,
ज्या वाऱ्यात हाक मारता येत नाही त्या वाऱ्यात.
तौफिक मुजावर मनात मोजतो, त्याचं मोजणं चुकत नाही.
जिनेंद्र चौगुले विमानाच्या दारातून निघताना डोळे मिटतो.
हे मला त्यानं नाही, कॅमेऱ्यानं सांगितलं.
मी एवढंच म्हणालो, पंखाकडं बघत उतर,
शेपटी डोक्यावरून जाईपर्यंत.

आणि संताजी इंगवले.
शहाण्णव किलो, कान चुरगळलेले, सात वर्षं लाल मातीत.
तो येतो तो धरायलाच येतो.
पहिल्या उडीत दीपांजलीची बाही उसवली.
दुसऱ्या उडीत चौघं एकमेकांवर घसरले,
ट्रॉलीतून उसाच्या मोळ्या घसराव्यात तसे,
आठ हजार फुटांवर.

तालमीत पकड म्हणजे काय रे?
'सुटू द्यायचं नाही.'
आणि इथं?
तो गप्प. मान खाली. मोठ्या माणसाची मान खाली गेली की
शेड लहान वाटायला लागतं.

संध्याकाळी त्याला पलीकडच्या गुऱ्हाळात नेलं.
काहील उकळत होती.
गुळव्यानं बोटं गार पाण्यात बुडवली,
पाकात घातली, परत पाण्यात,
गोळी वळून बघितली, म्हणाला, 'अजून थोडं.'
संताजी त्याच्या बोटांकडं बघत राहिला.
भाजत कसं नाही?
तो धरत नाही, म्हणालो. विचारतो.

रात्री पुन्हा फळ्या.
चांदणी, सोडा, अर्धा वळसा, चांदणी.
हाताकडं बघू नका, समोरच्याच्या डोळ्यांत बघा.
चाकांचा आवाज अकरापर्यंत.
मग वॉचमननं दिवा घालवला.

सकाळी मी खालीच. गुडघ्यात पट्टी आहे,
आता माझं आभाळ दुर्बिणीतलं.
गुऱ्हाळाचा धूर पूर्वेकडं कललेला, वारा बरा.
दहा हजारावर इंजिनाचा आवाज उतरला
आणि ठिपके सुटले.
पस्तीस सेकंद. मी ओठ हलवत राहतो.
साडेचार हजारावर सोडायचं,
एकमेकांकडं पाठ करायची
आणि जमेल तितकं लांब पळायचं, मगच छत्री.
हेच शिकवायला मला सगळ्यात जास्त दिवस लागतात.
जवळ यायला तर लोक पैसे भरून येतात.

एक. दोन. तीन. चौथा कॅमेरावाला.
पाचवी छत्री कुठाय?
पाचवी छत्री उसात.

अर्ध्या तासानं संताजी चालत आला,
गालावर पाल्याचे ओरखडे, बगलेत कापडाचा गोळा,
मागं मळेकरी, मोडलेल्या सरीचा हिशेब सांगत.
संताजीनं नुसती दोन बोटं वर केली.
दोनदा चांदणी.

पडद्यावर एकोणिसावा सेकंद.
दीपांजलीची बाही फडफडतेय,
वर त्याची बोटं,
आणि बाहीला सुरकुती नाही.
मी तिथंच थांबवलं. मळेकऱ्याला पैसे दिले,
त्याला म्हणालो, तुम्हीही बघा. त्यानं बघितलं,
पैसे पुन्हा मोजले, आणि पुन्हा बघितलं.

मग सगळे चहाला गेल्यावर
मी सुरुवातीला गेलो, दारापाशी.
जिनेंद्रचे डोळे उघडे होते.
हे कुणाला दाखवलं नाही.